आत्याला उजवीकडं बसवा

आमच्या घरात आप्पा चुकत नसत. पंचांग चुकायचं, नगरपालिकेचा भोंगा चुकायचा, एसटीचं वेळापत्रक तर रोजच चुकायचं, पण आप्पा नाही. निपाणीच्या हायस्कुलात गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला आणि घरी आल्यावरही खिशातला खडू काढून ठेवायचं भान त्यांना कधी राहिलं नाही. सोप्यात भिंतीला टेकवलेला एक फळा होता. सकाळी त्याच्यापुढं शिकवणीची पोरं बसत आणि पोरं गेली की घरातले वाद त्याच फळ्यावर सुटत. आमटी खारट झाली म्हणावं तर पाण्याला मीठ किती, याचं प्रमाण तिथं निघे. बाहेर वखारींतून तंबाखूचा उग्र वास येत असे, हंगामात आलेला पाहुणा दारातच शिंकत सुटे, आणि आत आप्पा शांतपणे सिद्ध करून दाखवत की आमटी खारट नाहीच, आमच्या जिभा बिघडल्यात. अजूनही कुणाच्या घरात फळा दिसला की माझ्या पोटात राग उठतो. मी स्वतः आयुष्यभर फळ्यापुढं उभी राहून पोट भरलं, ही त्यातली गंमत.

अशा घरात मोटार आली. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची पोरं आप्पांनी कशीबशी मॅट्रिकच्या पार लोटली होती, त्यानं नवी गाडी घेताना जुनी आप्पांच्या दारात आणून लावली. पांढरी, रुंद, बसल्यावर स्प्रिंगा टोचणारी. आप्पांची थोरली बहीण, गोदाआत्या, लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी परत आलेली आणि घरात आप्पांना ‘बाळू’ म्हणणारी एकटीच, तिनं गाडीच्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि म्हशीला ठेवावं तसं ‘पांढरी’ असं नाव ठेवून दिलं. पांढरीला एकच खोड होती. ती डावीकडं ओढायची. हात जरा सैल सोडला की रस्त्याची कड धरून उसाच्या फडाकडं निघायची. सरळ जायचं तर आप्पांना स्टिअरिंग उजवीकडं मुरगळून धरावं लागे आणि सगळा रस्ताभर ते चक्र तिरपं दिसे. गणिताच्या मास्तराला तिरपं काही खपत नसतं. त्यांनी गाडी सदा मिस्त्रीकडं नेली.

सदा मिस्त्री आप्पांचा विद्यार्थी. गणितात पुन्हा पुन्हा नापास होऊन शेवटी शाळा सोडलेला. त्याला पोरं झाली, मिशा पिकायला लागल्या, तरी आप्पा समोर आले की तो हात मागं बांधून उभा राहायचा. आप्पांनी त्याला सांगितलं, “सदा, हे चक्र काढ आणि सरळ बसव.” सदानं ‘व्हय सर’ म्हणून स्टिअरिंगचं चक्र दांड्यावरून उपसलं आणि सरळ करून पुन्हा ठोकून बसवलं. झालं! चक्र सरळ दिसायला लागलं, गाडी होती तशीच डावीकडं. म्हणजे घड्याळ मागं पडतंय म्हणून काटे तेवढे पुढं सरकवायचे. सदाला ते कळत नव्हतं असं नाही. पण सरांना ‘न्हाय’ म्हणायचं कसं, हे त्याला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी तरीही ओढते म्हटल्यावर आप्पा फळ्याकडं वळले. दोन संध्याकाळी खडू झिजला आणि निकाल लागला: डाव्या बाजूला वजन जास्त होतंय. उपाय सोपा, वजन उजवीकडं हलवायचं. आणि आमच्या घरात हलवण्याजोगं सगळ्यांत मोठं वजन म्हणजे गोदाआत्या.

“गोदाआक्का, आजपासनं तू उजवीकडं बसायचं. माझ्या पाठीमागं.”

“आणि खिडकीतनं ऊन येतंय ते?”

“ऊन सोस. गाडी सरळ चालंल.”

“मला काय वाण्याच्या तागडीतलं माप समजलास व्हय रं बाळू?” आत्या म्हणाली, पण बसली. तेव्हापासून गाडीत बसायचं म्हणजे एक सोहळाच झाला. आत्या उजवीकडं, तिला चिकटून आई, आईला चिकटून मी, आणि डावीकडची निम्मी सीट मोकळी. डब्यांची पिशवी, पाण्याची कळशी, कोल्हापूरहून आणलेली गुळाची ढेप, सगळं आत्याच्या पायांशी. मी एकदा विचारलं, “आप्पा, तुम्ही सोता उजवीकडंच बसताय की. मग वजन उजवीकडंच जास्त नव्हं का?” आप्पा म्हणाले, “म्हणूनच तर एवढीच ओढती. मी नसतो तर पार शेतात गेली असती.” आई डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि खिडकीबाहेर बघायची. बाहेर बघायला तिला आत्याच्या पलीकडं मान काढावी लागे.

हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तर आमची शोभाच झाली. कोल्हापूरला एका लग्नाला निघालो होतो. नाक्यावरच्या पोलिसानं आत डोकावून पाहिलं तर तीन बायका एकमेकींच्या मांडीवर चढल्यागत उजव्या कोपऱ्यात आणि बाकीची सीट रिकामी. त्याला वाटलं, डावीकडच्या सीटखाली काहीतरी दडवलंय. “इळीरी, इळीरी,” म्हणत त्यानं आम्हांला खाली उतरवलं, सीट उचकटली, आणि लग्नाच्या साड्या नेसून आम्ही ट्रकवाल्यांच्या रांगेत उभ्या राहिलो. आप्पा त्याला कानडीत तरफेचा नियम समजावून सांगत होते. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आत्याकडं एकवार बघितलं आणि ‘होगरी’, जावा आता, म्हणून हात जोडले. लग्नात आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

पुढं मी बेळगावला पॉलिटेक्निकला गेले. मेकॅनिकल शाखेला मुलगी म्हणून मी एकटीच. हे आप्पांनीच घडवून आणलं, ते मान्य करायला हवं. लोक तोंडाला हात लावत, तेव्हा आप्पा बाजारात उभं राहून सांगायचे, “माझी धाकटी इंजिनेर होणार. मशिनरी खोलून दाखवंल तुम्हाला.” राहायला मी वडगावात, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी. आमची आक्का गाडी यायच्या आधीच त्या घरात सून होऊन गेली होती. माजघराला लागून मागांची खोली, त्यात दोन यंत्रमाग, आणि पहाटेपासून खटखट खटखट. पहिला आठवडा मला झोप लागली नाही. नंतर असं झालं की वीज गेली आणि माग थांबले की त्या शांततेनं जाग यायची. आक्काची सासू चुलीवर भाकरी थापायची तीसुद्धा मागाच्या ठेक्यावर. मी बोलताना अजून ओरडते असं लोक म्हणतात, ती सवय त्या घरातली.

दुसऱ्या वर्षाला मोटारगाडीचा विषय आला आणि सरांनी कापलेल्या गाडीचं पुढचं अंग दाखवलं. मी ते बघतच राहिले. माझी तोवर समजूत होती की स्टिअरिंगचं चक्र थेट चाकांना फिरवतं. तसं नसतं. चक्राचा दांडा खाली एका पेटीत जातो. आपण चक्र गोल फिरवतो, ती पेटी त्याचं डावं-उजवं सरकणं करते. ते सरकणं चाकांपर्यंत नेतात ते टाय रॉड, दोन्ही बाजूंना एकेक आडवा दांडा, मनगटाएवढासुद्धा जाड नाही. तो ढकलतो तेव्हा चाक एकीकडं वळतं, ओढतो तेव्हा दुसरीकडं. पण चाक नुसतं वळत नाही, खड्ड्यात खाली जातं, दगडावर वर चढतं. म्हणून दांड्याच्या टोकाला आपल्या खुब्यासारखा सांधा असतो, वाटीत बसलेली गोळी, वर ग्रीस आणि त्यावर रबराची टोपी. टोपी फाटली की धूळ आत जाते, ग्रीस सुकतं, गोळी झिजते, मग वाटीत खडखडते. आणखी एक. दांड्याच्या टोकाला आटे असतात. ते फिरवून दांडा केसभर लांब-आखूड करता येतो आणि दोन्ही चाकांचं तोंड सारखं एका दिशेला लावता येतं. लांबी चुकली की चाकं एकमेकांशी भांडत चालतात, टायर एका कडेनं झिजतं, चक्र तिरपं दिसतं. सर पुढं काय सांगत होते ते माझ्या कानांत शिरलंच नाही. मला डोळ्यांसमोर उन्हात घामेजलेली गोदाआत्या दिसत होती, पायांशी गुळाची ढेप घेतलेली.

शनिवारी घरी गेले ती थेट पांढरीकडं. पुढचं डावं टायर एका कडेनं गुळगुळीत झालेलं. मी आप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“तू अजून दुसऱ्या वर्षाला हाईस.”

“आप्पा, सांधा झिजलाय. मला खाली जाऊन बघू द्या.”

“गाडीखाली? रस्त्यावर? आडवी पडून?” त्यांनी ‘आडवी’ हा शब्द असा उच्चारला की जणू मी काही चोरी करायला निघाले होते. “शिकायचं ते कॉलेजात शीक. हितं माझी गाडी हाय.”

बाजारात इंजिनेर आणि घरात आडवं पडायचं नाही! त्या रात्री मी जेवले नाही. आई ताटाशी येऊन बसली आणि म्हणाली, “त्येंच्या डोस्क्यात जे शिरलं ते शिरलं. तू जेव.” आईचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत होतं आणि त्यावरच तिनं संसार रेटला.

आक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला बसनं आणायची म्हटल्यावर आप्पा भडकले, “दारात गाडी असताना पोर बसनं?” त्यांनी फळ्यावर नवी आकृती काढली. आक्काचं आता वजन वाढलेलं, तेव्हा तिला आणि आत्याला दोघींनाही उजवीकडं बसवायचं. आईनं मला हे वडगावातल्या शेजारच्यांच्या फोनवर कळवलं, आणि मी त्यांच्या ओसरीत उभ्या उभ्या कपाळावर हात मारून घेतला. कारण मला आकृती दिसत नव्हती, तवंदीचा घाट दिसत होता. बेळगावहून निपाणीला येताना शेवटी तो उतार लागतो. वळणावर, भरलेल्या गाडीचा, उतरता वेग असताना ती गोळी वाटीतून निसटली तर डावं चाक स्टिअरिंगचं ऐकणारच नाही. आणि आत आक्का.

आणायच्या दिवशी आप्पा, आई आणि आत्या वडगावात आले. आईनं कानवले आणि कडबोळ्यांचे डबे आणले होते, आक्काच्या सासूनं पुरणाचा घाट घातला होता, निघताना हातावर कुंदा ठेवला. आप्पा व्याह्यांच्या शेजारी पाटावर बसून कटाच्या आमटीची तारीफ करत होते. मी दोनदा जवळ गेले, दोनदा त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. व्याह्यांच्या पुढं पोरीनं बापाला शिकवायचं, हे त्यांच्या कुठल्याच गणितात बसत नव्हतं. जेवणं झाली, आक्काची ओटी भरली, सगळे अंगणात आले. आप्पांनी गाडी बोळात वळती करायला घेतली, आणि तेवढ्यात वीज गेली.

सगळ्या वडगावातले माग एकदम बंद पडले. त्या शांततेत मला आवाज ऐकू आला. आप्पांनी चक्र फिरवलं की पुढच्या चाकाशी टक्. उलटं फिरवलं की पुन्हा टक्. एरवी त्या खटखटीत तो कुणाला ऐकू आला असता? मी पुढं गेले, गाडीसमोर उभी राहिले, चप्पल काढली आणि सरळ बोळातल्या धुळीत गाडीखाली आडवी पडले.

“अगं ए! ऊठ! काय चाललंय हे?” आप्पा खाली उतरले. माझे पाय तेवढे बाहेर होते आणि माग थांबल्यामुळं मोकळी झालेली सगळी गल्ली ते पाय बघायला जमली होती. मी हातानं डावीकडचा दांडा धरून हलवला. रबराची टोपी फाटून लोंबत होती आणि गोळी वाटीत दाढ हलावी तशी हलत होती. मी बाहेर आले, केसांत माती, पंजाबी ड्रेसला ग्रीस.

“आप्पा, ह्या गाडीत आक्का बसणार न्हाय.”

“व्याह्यांच्या दारात माझ्या गाडीला नावं ठेवतीस?”

“सांधा सुटायला आलाय. घाटात सुटला तर?”

“आजपातूर सुटला न्हाय, आजच सुटतोय व्हय? वजन नीट बसवलं की काय हुईत न्हाय. आक्का, तू उजवीकडं बस. गोदाआक्का, तूबी.”

व्याही घसा खाकरून आभाळाकडं बघू लागले. आई पदर सारखा करू लागली. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता. तेव्हा आमची आक्का, जिनं उभ्या जन्मात आप्पांना उलटं उत्तर दिलं नव्हतं, ती पोटावर हात ठेवून म्हणाली, “आप्पा, मी बसनं जातो.” आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. तिचं बोलणं इतकं हळू होतं की माग चालू असते तर तेही विरून गेलं असतं.

आप्पांनी आत्याकडं बघितलं. ती हक्काची बाजू. पण आत्या माझ्याकडं बघत होती.

“पोरी, खरं सांग. मी उजवीकडं बसून काय फरक पडत हुता?”

“काय न्हाय आत्या.”

“काडीचाबी न्हाय?”

“न्हाय.”

आत्यानं काखेतली पिशवी खाली ठेवली. “बाळू,” ती म्हणाली, “एवढी वर्सं माझा उजवा दंड उन्हानं काळा झालाय. लोकांच्या लग्नात बायका इचारत्यात, एकच हात असा कसा. पोलिसानं मला रस्त्यावर उभी केली. आता तुझ्या फळ्यावर तूच बस.” आणि ती ओसरीवर जाऊन बसली, आईही तिच्या मागं.

आप्पांचा चेहरा लाल झाला. “या तुम्ही तुमच्या बसनं. मी एकटा जातो.” मी खिडकी धरली, म्हटलं, आप्पा, नका जाऊ, तुम्हालाच काय झालं तर? आतापर्यंत मी आक्कासाठी भांडत होते. आता त्यांच्यासाठी खिडकी सोडत नव्हते, आणि ते होते की काच वर करत होते. बोळ अरुंद. एका दमात गाडी वळेना. त्यांनी पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली आणि सगळा जोर लावून चक्र उजवीकडं पार शेवटपर्यंत फिरवलं. खाली काहीतरी कट्‌ करून तुटल्यासारखं झालं. उजवं चाक उजवीकडं वळलं. डावं चाक डावीकडं. पांढरी दोन पाय फाकवून बोळात बसली.

कुणी हसलं नाही. आप्पा उतरले, पुढं आले, दोन्ही चाकांकडं बघत उभे राहिले. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मला वाटलं आता म्हणतील. आता तरी म्हणतील. त्यांनी खिशातला खडू काढला, पुन्हा आत टाकला आणि म्हणाले, “उजवीकडं कुणी बसलंच नव्हतं ना.”

आजही ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो, भाची म्हणते, “मावशी, बीपीची गोळी घेतलीस का?” ती भाची म्हणजे त्या दिवशी आक्काच्या पोटात होती तीच. तिच्या गाडीचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, खाली टाय रॉड आहे की नाही हेही तिला ठाऊक नाही, आणि विचारलं तर म्हणते, सर्व्हिसिंगवाले बघतात.

त्या दिवशी आम्ही बायका एसटीनं निपाणीला गेलो. तवंदीचा घाट उतरताना आक्का खिडकीशी झोपली होती आणि मी प्रत्येक वळणाला तिचा हात धरत होते. आप्पा गाडीपाशी राहिले. बेळगावातल्या गॅरेजवाल्यानं दोन्हीकडचे सांधे नवे घातले, दांड्यांचे आटे फिरवून चाकं एका ओळीत आणली, आणि गाडी सरळ चालायला लागली. आत्या कुठंही बसो. सदा मिस्त्रीला मी गाठून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना? तो इकडंतिकडं बघून म्हणाला, “ठावं हुतं की ताई. पर सरांच्या म्होरं त्वांड कसं उघडायचं? पुन्हा परीक्षेला बसवलं असतं.” मी त्याच्यावरही ओरडले. त्या दिवसांत मी सगळ्यांवरच ओरडत होते, एक आप्पा सोडून. त्यांच्याशी मी बोलतच नव्हते, आणि ते फळ्यावर पोरांना त्रिकोण शिकवत होते, जणू बोळात काही घडलंच नव्हतं. सोप्यातली वजनांची आकृती तेवढी कुणीतरी पुसली होती. आई म्हणाली, मी न्हाय पुसली.

आक्काला मुलगी झाली. घर दुधाच्या आणि शेपूच्या वासानं भरलं, तंबाखूचा वास पहिल्यांदाच मागं हटला. मग तिला वडगावला पोचवायचा दिवस आला. आप्पांनी गाडीच काढली. आई बाळाची दुपटी आवरत होती, आत्या काजळाची डबी शोधत होती, आक्का बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी होती. मी बाहेर आले तर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी एक पोतं अंथरलेलं होतं. स्वच्छ झटकलेलं, सुरकुत्या काढून, चारी कोपरे सरळ केलेलं. इतके सरळ कोपरे आमच्या घरात एकच माणूस काढायचा. ते गाडीच्या पलीकडं, गाडीचं दार हातात घट्ट धरून, आमच्याकडं पाठ करून शेजारच्या वखारीचं छप्पर बघत होते. गल्लीत माणसं होती, सदाही कुठूनसा येऊन हात मागं बांधून उभा होता.

मी पोत्यावर आडवी पडले. सगळ्यांच्या देखत. डावा सांधा हलवला, उजवा हलवला, टोप्या चाचपल्या, आटे बघितले. मुद्दाम जरा जास्तच वेळ लावला. बाहेर येऊन हात पुसले आणि म्हटलं, “बसू द्या आक्काला.”

मग त्यांनी दार उघडलं.